प्रमुख पाहुण्यांनो, यंदा भाषण थोडं कमी करा आणि तारखा आणा

माननीय प्रमुख पाहुणे,

(म्हणजे आमदार साहेब, सभापती, तहसीलदार, पीआय साहेब, प्राचार्य, रिटायर्ड अधिकारी, युट्यूबवर गाजलेले व्याख्याते, जे कोणी यंदा निकालानंतर बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार करायला येणार आहात ते सगळे.)

स.न.वि.वि.

रात्रीचे पावणेतीन वाजलेत, नाईट ड्युटी आहे, वॉर्डात सगळे झोपलेत आणि आत्ताच गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यंदाच्या गुणगौरव सोहळ्याचा बॅनर आला. बॅनरवर तुम्हा पाहुण्यांचे चौदा फोटो आहेत मी मोजले, आणि ज्यांचा गुणगौरव आहे त्या पोरांची नावं सगळ्यात खाली इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलवर झूम करून पण वाचता येईनात. असो, बॅनरचा विषय नाहीये. बॅनर बघून मला माझा सत्कार आठवला म्हणून लिहायला बसले.

२०१२ ची गोष्ट आहे. मला दहावीला ७८ टक्के पडले होते. आमच्या तांड्या-वस्त्यांच्या भागात, दरवर्षी दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जाणार आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत येणार अशा घरातल्या पोरीला ७८ म्हणजे लई झालं. ग्रामपंचायतीपुढं मंडप, शाल, नारळ, एक ट्रॉफी, एक दप्तर. दप्तराची चेन दुसऱ्याच आठवड्यात गेली पण ट्रॉफी अजून आहे. पाहुणे मोठे अधिकारी होते, नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. तासभर बोलले. परिस्थितीला दोष देऊ नका, कंदिलाच्या उजेडात शिकलेली माणसं कुठल्या कुठं गेली, स्वप्नं मोठी बघा. माझा बाप पुढच्या रांगेत खाली बसलेला, त्याचे डोळे भरून आले होते, खोटं नाही बोलणार माझे पण आले होते.

शेवटी ते म्हणाले कुणाला काही विचारायचंय का. मी उभी राहिले. पाय कापत होते. म्हटलं, सर मला नर्स व्हायचंय, त्याचा फॉर्म कुठं भरायचा असतो?

ते हसले. म्हणाले, "अगं नर्स कशाला, डॉक्टर हो! स्वप्न तरी मोठं बघ!"

टाळ्या. इतक्या टाळ्या की मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं विचारलं. मी खाली बसले. आणि फॉर्म कुठं भरायचा ते राहूनच गेलं.

साहेब, मला राग त्या टाळ्यांचा पण नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की माझ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. बारावी कर, इंग्रजी विषय ठेव, चाळीस टक्क्यांच्या वर मार्क पाड आणि जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, अॅडमिशन कधी निघतात त्यावर लक्ष ठेव. बास. तासाभराच्या भाषणात हे एक वाक्य बसलं असतं की नाही सांगा.

सायन्सचं ज्युनिअर कॉलेज लांब होतं, एसटी दिवसातून दोनदा आणि तीही पावसाळ्यात भरवशाची नाही, म्हणून मी गावाजवळ आर्ट्सला गेले. आर्ट्सला गेले म्हणजे नर्सिंगचं दार बंद झालं असं माझ्या मनानेच ठरवून टाकलं कारण सांगणारं कोणीच नव्हतं. २०१४ ला बारावी झाले आणि त्या दिवाळीत आईबापासोबत फडात, म्हणजे ऊसतोडीला, गेले. आईबाप मिळून एक कोयता आणि माझा अर्धा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. बारावी पास अर्धा कोयता.

जानेवारीत मोळी बांधताना आईच्या बोटावर कोयता बसला. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. टाके घालता घालता तिथल्या सिस्टरनी मला सहज विचारलं, तू शिकतीस का गं? मी म्हटलं बारावी झाली. कशातून? आर्ट्स. मग म्हणाल्या, मग इथं ऊस कशाला तोडतीस, जीएनएमचा फॉर्म भर की, आर्ट्सवर पण होतं.

मी नुसती बघत राहिले.

त्यांनी केस पेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलं, कुठले कागद लागतील ते. टीसी, दहावी-बारावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो. कागदावर एका कोपऱ्यात माझ्या आईच्या रक्ताचा डाग होता. यादीत नॉन क्रिमिलेअर लिहायचं त्या विसरल्या, त्यामुळे मला तहसीलला दोन चकरा जास्त पडल्या, पण ते जाऊ द्या. एका बाईने हातातलं काम करता करता चार मिनिटांत जे केलं ते मंडपातल्या कुणाला जमलं नव्हतं. त्याच वर्षी माझं अॅडमिशन झालं. आज मी पुण्यात स्टाफ नर्स आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही तर प्रेरणादायी गोष्ट झाली, आमच्या भाषणात घेऊ का? नका घेऊ. ही गोष्ट नशिबाची आहे. आईचं बोट कापलं नसतं तर मी आज कुठं असते ते मला चांगलं माहितीये, माझ्याबरोबर दहावीला सत्काराला बसलेल्या दोघी तिथंच आहेत, दोन-दोन लेकरं घेऊन. एकीला तर माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

तुमच्या भाषणात एक गोष्ट धरलेलीच असते की आमची पोरं स्वप्नं बघत नाहीत. फडावरच्या आमच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, येऊन बसा एकदा संध्याकाळी. मी फडात असताना शेजारच्या कोपीत एक सात-आठ वर्षांचा पोरगा होता, त्याला विचारलं मोठा होऊन काय होणार तर म्हणाला वजनकाट्यावरचा साहेब होणार. का रे? तर म्हणे त्याला फॅन असतो. दुसऱ्याला ट्रॅक्टरचा ड्रायव्हर व्हायचं होतं कारण गाणी लावता येतात. एका पोरीला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं, तिच्याकडं पंच करायचं मशीन म्हणून एक चिमटा होता, पाचटाची म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची तिकीटं फाडायची आणि सगळ्यांना कोल्हापूर ते बीड हाफ तिकीट द्यायची, पैसे पण मागायची.

म्हणजे पोरं स्वप्नं बघतात, पण जे डोळ्यापुढं दिसतं त्याची बघतात, सगळेच तसं करतात हो, डॉक्टरच्या घरातल्या पोराला डॉक्टर व्हावंसं वाटतं ते काही भाषण ऐकून नाही. आमच्या पोरांनी फिटर बघितलेला नसतो, लॅब टेक्निशियन, सर्व्हेअर, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, रेडिओलॉजीवाला, सीएच्या ऑफिसातला अकाउंटंट, कोणीच बघितलेलं नसतं. शिक्षक, तलाठी, पोलीस आणि साहेब एवढे चारच शिकलेले प्रकार माहीत असतात. आणि मग मंडपात तुम्ही येता, तुम्ही पण साहेबच, आणि सांगता की कलेक्टर व्हा.

त्या कलेक्टरच्या स्वप्नाबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय, वाईट वाटलं तर माफ करा. माझा चुलत भाऊ एमपीएससीसाठी सहा वर्ष पुण्यात होता, पेठेतल्या एका अभ्यासिकेत, एका खोलीत पाच जण, एक वेळ मेस आणि एक वेळ वडापाव. जागा निघतात शेकड्यात आणि फॉर्म भरणारे लाखात, हे गणित त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. चुलता दरवर्षी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) जास्तीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचा, ती फेडायला पुढच्या सीझनला परत जायचा. पोरगा प्रिलिम निघाली, मेन्स राहिली, प्रिलिम निघाली, मेन्स राहिली यातच तिशीला आला. हुशार नव्हता का? होता. आता मेडिकल दुकानात कामाला आहे. परवा म्हणाला, ताई मी बारावीनंतर डी.फार्म केलं असतं तर आज हे दुकान माझं असतं. मी काय बोलणार. एमपीएससी करूच नका असं मी म्हणत नाहीये, करा की, पण हातात एक डिग्री-डिप्लोमा ठेवून करा हे सांगायला पण कुणीतरी पाहिजे ना, आणि तुमच्यापैकी जे ती परीक्षा पास होऊन आलेत त्यांनी सांगितलं तर पोरं ऐकतील, माझं कोण ऐकतंय.

बरं आता तारखांचं. हे जरा नीट वाचा कारण मुद्दा इथंच आहे.

नवोदय या सरकारी निवासी शाळेची परीक्षा पाचवीतल्या लेकरांची असते, थंडीच्या दिवसात. आठवीतल्या पोरांसाठी एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा असते, ती निघाली की नववी ते बारावी दरमहा हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार, आमच्या घराला ही मोठी रक्कम आहे. ती परीक्षा आपल्याकडे बहुतेक डिसेंबरात होते. आणि डिसेंबरात आमची पोरं कुठं असतात? फडात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर पार कर्नाटकात. पोरगं शाळेच्या पटावर असतं, मास्तरांना माहीत असतं ते इथं नाहीये, फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा बाप उचल घेऊन बसलेला असतो आणि घर आवरायचं चाललेलं असतं. म्हणजे गरिबाच्या लेकरासाठी असलेली परीक्षा, आणि ती येते तेव्हा ते लेकरू नेमकं गावात नसतं. मी स्वतः आठवीत होते तेव्हा अशी काही परीक्षा असते हेच मला माहीत नव्हतं. आईबापासोबत फडावर गेले की तिकडं मी जवळच्या एका शाळेत जाऊन बसायचे, 'बीडची पोरगी' म्हणायचे मला, मी "कव्हा" म्हटलं की हसायचे. कर्नाटकात गेलेल्यांना तर तेही नाही, तिथं फळ्यावर कन्नड.

याच्यावर उपाय नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे, पोराला गावातच ठेवून जेवण द्यायचं, आईबाप गेले तरी शाळा चालू राहते. २०२१ मधे सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली, ४१ तालुक्यांत मिळून ८२, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं एक मुलींचं. चांगली गोष्ट आहे. पण टोळी निघायच्या आदल्या रात्री सामान भरणाऱ्या बापाला ही माहिती देऊन काय उपयोग, ती त्याला श्रावणात मिळाली पाहिजे, उचल घ्यायच्या आधी. तुमचा सत्कार समारंभ असतो जून-जुलैत. अख्खं गाव त्या मंडपात असतं, मुकादमासकट. यापेक्षा चांगली वेळ कुठली?

आणि कागद. अहो कागदांचं काय सांगू. पाहुण्यांपैकी तहसीलदार साहेब कोणी असतील तर त्यांना माहीत असेल, पण काउंटरच्या त्या बाजूने आणि या बाजूने ते वेगळं दिसतं. माझ्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला जायचं होतं, सीईटी दिली होती, आम्ही एनटी-डी (भटक्या जमाती-ड), त्यामुळे व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं सर्टिफिकेट पाहिजे. व्हॅलिडिटीला आमच्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, बहुतेक लोक आज्याच्या शाळेचा दाखला लावतात. आमचा आज्या शाळेतच गेला नव्हता! म्हणजे बघा, घराण्यात कोणी शिकलं नाही म्हणून नातवाला सवलत, आणि ती सवलत मिळवायला आज्याच्या शाळेचा दाखला. आम्ही पंधरा दिवस फिरलो. शेवटी आज्याचा एक चुलत भाऊ पहिलीत चार महिने शाळेत गेला होता असं एका म्हातारीला आठवलं आणि त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडलं, त्याचा निर्गम उतारा काढला, वंशावळ जोडली आणि काम झालं. त्या चार महिन्यांवर माझा भाऊ इंजिनिअर झाला असं आम्ही घरी गमतीने म्हणतो.

उत्पन्नाच्या दाखल्याला बापाने यावं लागतं, बाप फडात. तो एक दिवस आला की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, शिवाय गाडीभाडं. एका कागदापायी चार दिवसांची मजुरी. आणि आधार बँकेला लिंक नसेल तर स्कॉलरशिप मंजूर होऊनही खात्यावर पडत नाही, महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर सगळं हिरवं दिसतं आणि पासबुकात शून्य, आमच्या गावात असे दोघं-तिघं मी दरवर्षी बघते. हे सगळे कागद मे-जूनमधे निवांत काढून ठेवता येतात, तेव्हा सगळे गावातच असतात. पण आपल्याकडं निकाल लागतो, मग पेढे, मग सत्कार, मग भाषण, आणि मग एक दिवस कळतं की परवा शेवटची तारीख आहे आणि सेतूवर सर्व्हर डाऊन.

पोरींचं वेगळं सांगायला पाहिजे. फडात पोरगी न्यायची तर भीती, गावात म्हातारीजवळ एकटी ठेवायची तरी भीती, म्हणून बाप तिचं लग्न लावून टाकतो, वर नवऱ्यासोबत तिचा एक पूर्ण कोयता होतो म्हणजे उचल पण वाढते. बापाला शिव्या देऊन हे थांबणार नाही, माझ्या बापाला मी जवळून बघितलंय, रात्री दोन वाजता गाडी भरायला बोलावलं की पोरीला कोपीत एकटीला झोपवून जाताना त्याचं काय व्हायचं ते. पण त्याच बापाला जर कळलं की ८ जुलै २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तर तो निदान थांबून विचार तरी करतो. मी स्वतः तीन घरात जाऊन हे सांगितलंय. दोन बाप थांबले. तिसऱ्याने सुपारी फोडली होती.

तुम्ही भाषणात शाहू महाराजांचं नाव घेता, भाऊराव अण्णांचं घेता, सावित्रीमाईंचं तर घेताच. घ्यायलाच पाहिजे. पण त्यांनी काय केलं तेही बघा ना. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली आणि १९१७ मधे प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, आणि एकदा धान्य संपलं तर लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं. म्हणजे झोपायला जागा, दोन वेळची भाकरी आणि शाळेचा रस्ता. याच्यात "स्वप्न मोठं बघा" कुठंच नाहीये, ते पोरांनी आपलं आपण बघितलं.

तर साहेब, माझी विनंती अशी आहे. या, नक्की या, हार-नारळ घ्या, वीस मिनिटं बोला, पोरांना बरं वाटतं, आमच्या बापांना तर फारच बरं वाटतं, ते अख्खं वर्ष सांगत फिरतात की साहेबांनी माझ्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पण येताना तुमच्या गाडीत एक-दोन माणसं जास्तीची आणा. आयटीआयमधला एखादा फिटर, एखादी लॅबवाली ताई, डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागलेला आपल्याच तालुक्यातला पोरगा. त्यांनी पगार किती पडतो, कोर्सला किती खर्च आला, नापास कितीदा झाले ते खरं खरं सांगू द्या. अकरावीचं अॅडमिशन आता सगळ्या राज्यात ऑनलाईन झालंय, त्यातलं प्राधान्यक्रम म्हणजे काय हे निम्म्या पालकांना कळत नाही, ते कुणीतरी समजावून सांगा. दहावी नापास झालेल्यांना पण बोलवा की मंडपात, त्यांना बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे काय, पुरवणी परीक्षा कधी असते, हे सांगा. त्यांचा सत्कार नका करू पाहिजे तर, पण खुर्ची द्या. आणि शालीच्या पैशात दाखल्यांची फी आणि झेरॉक्स निघते, एवढा हिशोब मी केलेला आहे.

आणि एखादी पोरगी उभी राहून नर्सिंगचा, आयटीआयचा, कंडक्टरच्या भरतीचा फॉर्म कुठं मिळतो असं विचारायला लागली तर हसू नका. माहीत असेल तर सांगा, नसेल तर आयोजकांना म्हणा बाबा हिला उद्या माहिती काढून द्या आणि तिचा नंबर लिहून घ्या. तिला परत उभं राहायला लई वर्ष लागतात हो.

आमच्या गावचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला आहे. मी शनिवारची नाईट करून थेट गाडी धरणार आहे, उशीर होईल पण पोचते. मंडपाच्या बाजूला, पिंपळाखाली, एक टेबल टाकणार आहोत, भावाचा लॅपटॉप, माझा मोबाईल आणि एक प्रिंटर जो शेजारच्या ई-सेवा केंद्रवाल्या दादाने दिवसभरासाठी द्यायचं कबूल केलंय. पोरांना सांगितलंय कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन या, पावसाचं काही खरं नाही. तुमचं भाषण आटोपलं की तिकडं या, एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवते. मोबाईल चार्ज करून आणा मात्र, आमच्याकडं दुपारी लाईट जाते आणि ओटीपी आला नाही की पोरगं रडकुंडीला येतं.

आपली,
२०१२ च्या मंडपात प्रश्न विचारलेली पोरगी